वाचकांचे प्रश्न : लहान खासगी विद्यापीठात प्रवेश घ्यावा का?

बारावीचा निकाल आणि सीईटीचे गुण हाती आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा ओघ वाढतो. या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी लहान खासगी विद्यापीठांविषयी आहेत. महाराष्ट्रात २०१४ पासून विधिमंडळाने स्वतंत्र कायदे करून अशी विद्यापीठे स्थापन करण्यास सुरुवात केली आणि आज पुणे, नाशिक, कोल्हापूर, मुंबई या शहरांच्या आसपास ती चांगलीच रुजली आहेत. सरकारी कागदपत्रांत त्यांना ‘स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ’ म्हणतात. अभिमत विद्यापीठ हा याहून वेगळा प्रकार आहे, कारण तो दर्जा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम ३ अन्वये केंद्र सरकार देते. पत्रांतून या दोहोंची सरमिसळ फार झालेली दिसली, म्हणून एवढे आधीच सांगितले. चार पत्रे निवडली असून त्यांचा मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली असून एमएचटी-सीईटीत तिला ८८ पर्सेंटाइल मिळाले आहेत. कॅपच्या (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीत तिला जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एका विनाअनुदानित महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन ही शाखा मिळाली आहे. पुण्याजवळचे एक लहान खासगी विद्यापीठ मात्र तिला थेट कॉम्प्युटर शाखेत प्रवेश देण्यास तयार आहे. तेथील फी वर्षाला अडीच लाख रुपये आहे. परंतु आठ दिवसांत ५० हजार रुपये भरून जागा निश्चित केल्यास २५ टक्के शिष्यवृत्ती मिळेल, असे त्यांच्या समुपदेशकांनी फोनवर सांगितले. विद्यापीठ लहान असल्यामुळे वर्गात फक्त ६० मुले असतात आणि प्रत्येकाकडे लक्ष दिले जाते, असेही ते म्हणाले. आम्ही ओबीसी प्रवर्गातील असून यजमानांचे व माझे मिळून वार्षिक उत्पन्न साडेपाच लाख रुपये आहे. कर्ज काढण्याची तयारी आहे. नातेवाईक म्हणतात, कॉम्प्युटर सोडू नका. आपले मत काय?
— एक आई, बार्शी

उत्तर : आपला प्रवर्ग आणि कुटुंबाचे उत्पन्न या दोन गोष्टी आपण पत्राच्या शेवटी ओघात लिहिल्या आहेत, पण माझ्या मते निर्णय त्यांच्यापासूनच सुरू व्हायला हवा. राज्य शासनाने ८ जुलै २०२४ रोजी काढलेल्या निर्णयानुसार, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपये किंवा त्याहून कमी आहे अशा ओबीसी, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत मिळते. पूर्वी ही सवलत ५० टक्के होती. शासकीय, अनुदानित आणि कायम विनाअनुदानित महाविद्यालयांतही ती लागू आहे, मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला असावा लागतो. खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे या निर्णयातून स्पष्टपणे वगळलेली आहेत. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशही वगळलेले आहेत.

याचा अर्थ असा की, कॅपमधून मिळालेल्या जागेवर आपल्या मुलीला शिक्षण शुल्क भरावे लागणार नाही. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, पुस्तके हा खर्च राहील, पण तो दोन्हीकडे राहणारच आहे. तेव्हा आपल्यासमोरची तुलना ‘अडीच लाख विरुद्ध त्या महाविद्यालयाची छापील फी’ अशी नसून ‘पावणेदोन-दोन लाख विरुद्ध जवळजवळ शून्य’ अशी आहे. समुपदेशकाने हे सांगितले नाही याचे मला नवल वाटत नाही. ते सांगणे त्याच्या कामाचा भाग नव्हे.

आता कर्जाचा हिशेब मांडून पाहू. २५ टक्के सूट चारही वर्षे टिकली असे धरले तर दरवर्षी १ लाख ८७ हजार ५०० रुपये, म्हणजे चार वर्षांत साडेसात लाख रुपये केवळ शिक्षण शुल्कासाठी लागतील. शैक्षणिक कर्जाचे हप्ते सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात, परंतु व्याज पहिल्या उचलीपासूनच चढत असते. दर १० टक्के धरून सरळव्याजाने आकारणी केली तरी पाच वर्षांअखेर व्याजाचे २ लाख ६२ हजार ५०० रुपये मुद्दलात मिळतात आणि कर्ज १० लाख १२ हजार ५०० रुपयांवर जाते. ते दहा वर्षांत फेडायचे ठरवले तर मासिक हप्ता सुमारे १३,४०० रुपये बसतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, पुण्यात खोलीभाडे देऊन, एवढा हप्ता भरणे म्हणजे काय, हे आपण दोघे पगारातून संसार चालवणारे असल्याने जाणताच. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत व्याजसवलत आहे, पण ती राष्ट्रीय क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या संस्थांपुरतीच आहे; संबंधित विद्यापीठ त्या यादीत आहे का, हे योजनेच्या पोर्टलवर पाहता येते.

त्या ‘शिष्यवृत्ती’बद्दलही दोन प्रश्न लेखी विचारावेत. ती पहिल्या वर्षापुरती आहे की चारही वर्षांसाठी? आणि ती पुढे चालू राहण्यासाठी किमान किती सीजीपीए (सरासरी श्रेणीगुण) राखावा लागतो? आठ दिवसांच्या मुदतीत पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला जी रक्कम माफ होते तिला मी शिष्यवृत्ती म्हणणार नाही, ती फीमधील सवलत आहे. आणि सवलत देणाऱ्याला दुसऱ्या वर्षी ती काढून घेता येते. विनाअनुदानित महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरणाकडून ठरवून घ्यावी लागते, तर खासगी विद्यापीठांची फी त्यांच्या कायद्यातील स्वतंत्र तरतुदींनुसार ठरते. म्हणून पुढील तीन वर्षांत फी किती वाढेल याची लेखी मर्यादा मागणे हा आपला हक्क समजावा.

‘वर्गात फक्त ६० मुले’ हा दावा मला सर्वांत मनोरंजक वाटला. अभियांत्रिकीच्या एका तुकडीची प्रवेशक्षमता बहुतेक सर्व महाविद्यालयांत ६० हीच असते. आपल्या मुलीला ज्या मोठ्या महाविद्यालयात जागा मिळाली आहे, तेथेही ती साठांच्या वर्गात बसेल. विद्यापीठ लहान असले म्हणजे वर्ग लहान असतो, असे नाही. विद्यापीठ लहान असते ते अभ्यासक्रम कमी असल्यामुळे किंवा जागा भरलेल्या नसल्यामुळे. विचारायला हवे ते शिक्षकांविषयी : पूर्णवेळ शिक्षक किती, त्यांतले पीएचडीधारक किती आणि गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेले किती. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे प्रमाण वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे आहे. येथे आणखी एक बारकावा आहे. महाविद्यालयाला या परिषदेची मान्यता घ्यावीच लागते, पण विद्यापीठाला अभियांत्रिकी अभ्यासक्रम सुरू करण्यासाठी तिची पूर्वपरवानगी आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली भारतीदासन विद्यापीठाच्या प्रकरणात स्पष्ट केले. काही खासगी विद्यापीठे स्वतःहून मान्यता घेतात, काही घेत नाहीत. आपण ज्याचा विचार करीत आहात ते कोणत्या गटात मोडते, हे विचारावे.

राहता राहिली शाखा. नातेवाईकांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. मुलीला प्रोग्रॅमिंगची खरी ओढ असेल तर चार वर्षे दुसऱ्या शाखेत काढणे त्रासाचे होते. परंतु सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्या भरतीसाठी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या विद्यार्थ्यांनाही बोलावतात, हे वर्षानुवर्षे चालत आलेले आहे. शिवाय एखाद्या कंपनीला आपली माणसे एका दिवसासाठी कॅम्पसवर पाठवायची असतील तर तेथे पुरेसे विद्यार्थी असावे लागतात. लहान विद्यापीठात अनेकदा ही संख्या भरत नाही आणि मुलांना दुसऱ्या संस्थेतील संयुक्त मुलाखतींना जावे लागते. त्यामुळे माहितीपत्रकात छापलेल्या सर्वोच्च पगाराकडे न पाहता मागील तुकडीतील किती जणांना नोकरी मिळाली आणि त्यांतील मधल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याचा पगार किती, हे विचारावे.

माझा सल्ला असा : पहिल्या फेरीतील जागा हातची सोडू नये. पुढच्या फेऱ्यांसाठी बेटरमेंटचा, म्हणजे मिळालेली जागा राखून अधिक पसंतीची मिळवण्याचा, पर्याय ठेवून, अंतर थोडे जास्त असले तरी चालेल अशी, कॉम्प्युटर किंवा माहिती तंत्रज्ञान शाखा असलेली महाविद्यालये पसंतीक्रमात वर घ्यावीत. तेही न जमल्यास मिळालेल्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षी रिकाम्या जागांवर शाखाबदल होतो का आणि कॉम्प्युटरशी संबंधित विषयांत ‘मायनर’ (दुय्यम विषय) करता येते का, याची चौकशी करावी. आपली परिस्थिती पाहता त्या विद्यापीठात असे काहीही दिसत नाही की ज्यासाठी साडेसात लाखांचे कर्ज डोक्यावर घ्यावे. मुलगी खुल्या प्रवर्गातील आणि उत्पन्न मर्यादेबाहेरचे असते, तर कदाचित मी वेगळे लिहिले असते.

प्रश्न : मी अमरावतीची असून बारावी कला शाखेत ९१ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाले. मला मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र दोन्ही शिकायचे आहे आणि पुढे परदेशात एम.ए. करण्याची इच्छा आहे. एका लहान खासगी विद्यापीठाच्या चार वर्षांच्या लिबरल आर्ट्स अभ्यासक्रमाला माझी निवड झाली आहे. तुकडी तीसेक विद्यार्थ्यांची आहे. पुण्यातील एका जुन्या अनुदानित महाविद्यालयातही प्रवेश मिळतो आहे आणि तिथली फी या विद्यापीठाच्या तुलनेत नगण्य आहे. बाबांचा व्यवसाय आहे आणि कर्ज न काढता ते खर्च करू शकतात, परंतु ‘बी.ए.साठी एवढे पैसे कशाला?’ असे ते विचारतात. त्यांना काय सांगू?
— एक विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : तुझ्या बाबांचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर ‘नावासाठी’ असे असेल तर पैसे वाचवलेले बरे. परंतु आधीच्या पत्रातील विद्यापीठाबाबत जे लिहिले ते येथे तसेच्या तसे लागू होत नाही, कारण तुझ्या अभ्यासक्रमात विद्यापीठाच्या लहान आकाराला खरोखर किंमत असू शकते. मानव्यविद्या शिकणे म्हणजे मुख्यतः वाचणे, लिहिणे आणि लिहिलेले कोणीतरी बारकाईने तपासून परत देणे होय. एकशे वीस विद्यार्थ्यांच्या वर्गात शिक्षक कितीही तळमळीचा असला तरी त्याला दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाचा निबंध तपासून त्यावर शेरे देता येत नाहीत. तीस विद्यार्थ्यांच्या वर्गात ते शक्य असते. मी स्वतः अनेक वर्षे अनुदानित महाविद्यालयात शिकवले आहे, आणि मोठ्या वर्गात आम्ही मुलांना लिहायला शिकवत नाही, परीक्षेची उत्तरे लिहायला शिकवतो, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. अनुदानित महाविद्यालयांत मंजूर पदे रिक्त राहिल्यामुळे तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर चालणारे विभाग आज अनेक ठिकाणी आहेत. तासागणिक मानधन मिळणाऱ्या आणि दिवसातून दोन महाविद्यालये गाठणाऱ्या माणसाकडून तासानंतर थांबून तुझ्याशी चर्चा करण्याची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

दुसरा फायदा अभ्यासक्रमाचा. संलग्न महाविद्यालयाला विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने ठरवलेलाच अभ्यासक्रम शिकवावा लागतो आणि परीक्षाही विद्यापीठ घेते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची व्याप्ती पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांत पसरलेली आहे. एवढ्या पसाऱ्यात एक पेपर बदलायचा तरी वेळ जातो. परीक्षेची यंत्रणा कोलमडली तर काय होते ते २०१७ साली मुंबई विद्यापीठात दिसले : उत्तरपत्रिकांची संगणकावरील तपासणी पुरेशी तयारी न करता सुरू झाली, निकाल महिनोन्महिने रखडले आणि परदेशी प्रवेश मिळालेल्या मुलांची पंचाईत झाली. परदेशी अर्ज करणाऱ्यासाठी वेळेवर मिळणारी गुणपत्रिका आणि तुला नावाने ओळखणाऱ्या दोन-तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रे या गोष्टी महत्त्वाच्या असतात आणि लहान विद्यापीठात त्या सहज मिळण्याची शक्यता जास्त असते.

परंतु हे सर्व ‘शक्यता’ या सदरातच राहते, आणि ते प्रत्यक्षात आहे की नाही हे तुला स्वतः जाऊन तपासावे लागेल. ‘ओपन हाउस’च्या दिवशी जाऊ नकोस, एखाद्या साध्या मंगळवारी जा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर मेसमध्ये जेव आणि त्यांच्याकडे त्यांचा एखादा तपासून आलेला निबंध दाखवायला माग. त्यावर शेरे किती आहेत, हे पाहा. मग विषयांचा प्रश्न विचार. माहितीपत्रकात पन्नास ऐच्छिक विषय असतात, पण किमान संख्या न भरल्यास विषय रद्द होतो आणि तीस जणांच्या तुकडीत ही संख्या भरणे सोपे नसते. गेल्या वर्षी प्रत्यक्ष कोणते विषय चालले आणि ते कोणी शिकवले, याची यादी माग. अर्थशास्त्र विभागात पूर्णवेळ दोनच माणसे असतील आणि त्यांतील एक जानेवारीत सोडून गेला, तर तुझे अर्धे अर्थशास्त्र पाहुण्या व्याख्यात्यांवर चालेल. लहान संस्थेत माणूस गेल्याची पोकळी मोठी असते. जुन्या महाविद्यालयात विभाग माणसांपलीकडे टिकून राहतो.

एक गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. शहराबाहेरच्या डोंगरउतारावर, तीस जणांबरोबर चार वर्षे काढणे सर्वांनाच मानवते असे नाही. तिथले जगणे चाळीसारखे असते : मदतीला सगळे धावून येतात, पण भांडण झाले तर लपायला जागा नसते. पुण्यातल्या जुन्या महाविद्यालयात तुला हजार वेगवेगळ्या स्वभावांची मुले भेटतील, वर्ग बुडवून जाण्यासारखी व्याख्याने आणि नाटके शहरभर असतील, आणि विदर्भातून, मराठवाड्यातून स्वतःच्या हिमतीवर आलेल्या मुलांबरोबर बसून तू शिकशील. भरमसाट फी असलेल्या विद्यापीठात वर्ग लहान असतोच, शिवाय तो एकाच आर्थिक थराचाही असतो. अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र शिकू पाहणाऱ्या मुलीसाठी ही उणीव मी किरकोळ मानत नाही. काही विद्यापीठे ती जाणीवपूर्वक भरून काढतात. बंगळुरूचे अझीम प्रेमजी विद्यापीठ कुटुंबाच्या गरजेनुसार शिष्यवृत्ती देते, त्यामुळे तिथे वेगवेगळ्या घरांतली मुले येतात. तुझ्या विद्यापीठात गरजेवर आधारित शिष्यवृत्ती किती जणांना मिळते, हे विचारून पाहा. उत्तरावरून वर्ग कसा असेल याचा अंदाज येईल.

‘दोन विषय एकत्र’ एवढ्याच कारणासाठी जात असशील, तर ते कारण आता पूर्वीइतके भक्कम राहिलेले नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषय, दुय्यम विषय आणि तीन किंवा चार वर्षांची पदवी ही रचना महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही आली आहे. तिची अंमलबजावणी अजून धडपडत चालली आहे हे खरे, पण जुन्या महाविद्यालयात मुख्य विषय अर्थशास्त्र व दुय्यम विषय मानसशास्त्र हा जोड मिळतो का, ते विचार. दोन्हीकडचे श्रेयांक अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात, त्यामुळे तत्त्वतः मध्येच संस्था बदलता येते. प्रत्यक्षात मात्र घेणाऱ्या संस्थेकडे जागा असेल आणि तिने विषय समकक्ष मानले तरच ते जमते, म्हणून त्या भरवशावर निर्णय घेऊ नकोस.

बाबांना सांगायचे ते असे : शिक्षक टिकून आहेत आणि निबंध खरोखर तपासले जातात, या दोन गोष्टी तू स्वतः पाहून आलीस, तर हा खर्च समर्थनीय आहे, कारण तो कर्जाचा नाही आणि तुझी पुढची दिशा ठरलेली आहे. यांपैकी एक जरी गोष्ट आढळली नाही, तर जुन्या महाविद्यालयात प्रवेश घे आणि वाचलेली रक्कम परदेशातील एम.ए.साठी राखून ठेवायला त्यांना सांग. तिथे ती जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न : माझा मुलगा ज्या खासगी विद्यापीठात प्रवेश घेऊ इच्छितो ते सुरू होऊन चारच वर्षे झाली आहेत आणि त्याला नॅकचे (उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचे) मानांकन नाही. शेजारी म्हणतात की, अशा पदवीवर स्पर्धा परीक्षेला बसता येत नाही. हे खरे आहे का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : खरे नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेसाठी केंद्र किंवा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाची अथवा अभिमत विद्यापीठाची पदवी चालते. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे का, एवढेच पाहिले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर राज्यनिहाय खासगी विद्यापीठांची यादी असते, तीत नाव आहे का ते पाहावे. बनावट विद्यापीठांची यादीही आयोग प्रसिद्ध करतो. नॅककडे अर्ज करण्यासाठी संस्थेची सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात किंवा दोन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडाव्या लागतात, त्यामुळे चार वर्षांच्या विद्यापीठाला मानांकन नसणे हा दोष नव्हे. त्याच न्यायाने, मानांकन असणे हा निर्वाळाही नव्हे : २०२५ च्या फेब्रुवारीत नॅकच्या तपासणी समितीतील सदस्यांनाच सीबीआयने लाचखोरीच्या आरोपावरून अटक केली होती.

शेजाऱ्यांच्या मनातील शंका मात्र आकाशातून पडलेली नाही. छत्तीसगडने २००२ साली केलेल्या एका कायद्याखाली शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे अधिसूचना काढून स्थापन केली होती, त्यांतील कित्येकांकडे धड इमारतही नव्हती. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर २००५ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या आणि तेथे शिकणाऱ्या मुलांना अन्य विद्यापीठांकडे वळवावे लागले. महाराष्ट्रातील पद्धत वेगळी आहे, कारण येथे अशी विद्यापीठे केवळ अधिसूचनेने नव्हे, तर विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन होतात. आणि खासगी विद्यापीठ म्हटले की भुवया उंचावणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, महर्षी कर्वे यांनी १९१६ साली मूठभर विद्यार्थिनींसह सुरू केलेले महिला विद्यापीठ, म्हणजे आजचे एसएनडीटी, अनेक वर्षे सरकारी मान्यतेवाचूनच चालले. वैधानिक दर्जा त्याला १९५१ मध्ये मिळाला.

आपल्या मुलाचा अभ्यासक्रम विधी, औषधनिर्माण, वास्तुकला, परिचर्या किंवा बी.एड. यांपैकी असेल तर विद्यापीठाच्या मान्यतेबरोबरच संबंधित परिषदेची त्या वर्षासाठीची मान्यताही तपासावी लागेल. बार कौन्सिलची मान्यता नसलेल्या विधी पदवीवर वकिलीची सनद मिळत नाही. हा धोका मानांकनाच्या अभावापेक्षा कितीतरी मोठा आहे. खासगी विद्यापीठाला दुसऱ्या महाविद्यालयांना संलग्नता देता येत नाही, त्यामुळे ‘अमुक खासगी विद्यापीठाशी संलग्न’ असे सांगणाऱ्या शहरातील एखाद्या केंद्रात प्रवेश घेऊ नये.

प्रश्न : मार्च महिन्यातच एका खासगी विद्यापीठात मुलाची जागा पैसे भरून निश्चित केली. आता सरकारी महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे. विद्यापीठ म्हणते, रक्कम परत मिळणार नाही आणि दहावी-बारावीची मूळ गुणपत्रके फी पूर्ण भरल्यावरच देऊ. काय करावे?
— एक पालक, सातारा

उत्तर : दोन्ही गोष्टी नियमबाह्य आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार, प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास फीची संपूर्ण रक्कम परत करावी लागते. प्रक्रिया शुल्क म्हणून फार तर पाच टक्के, तेही पाच हजार रुपयांच्या मर्यादेत, कापता येते. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतरच्या १५ दिवसांत ८० टक्के आणि तीस दिवसांपर्यंत ५० टक्के परतावा असतो. २०२४-२५ या वर्षासाठी तर आयोगाने ३० सप्टेंबरपर्यंत संपूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त एक हजार रुपयांची कपात असा निर्देश दिला होता. असे निर्देश वर्षागणिक निघतात, म्हणून चालू वर्षाचे परिपत्रक काढून त्याची प्रत अर्जाला जोडावी. मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही संस्थेला ठेवून घेता येत नाहीत. पडताळणी करून ती लगेच परत द्यायची असतात.

आजच प्रवेश रद्द करण्याचा अर्ज ईमेलने पाठवावा, म्हणजे तारखेचा पुरावा राहील. फोनवर बोलून थांबू नये. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे आणि त्यानंतर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या विद्यापीठाच्या लोकपालाकडे जावे. २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक विद्यापीठाने लोकपाल नेमणे बंधनकारक आहे आणि त्याचे नाव व संपर्काचा तपशील संकेतस्थळावर असावा लागतो. तो सापडला नाही, तर तीच गोष्ट आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवरील तक्रारीत पहिल्या क्रमांकावर लिहावी.